मुंबई दाखवावी कशी?

दिवाळीच्या सुटीत मुंबईच्या घराघरांत एक काम हमखास निघते. फराळाचे डबे तळाला गेले, भाऊबीज पार पडली, की गावाहून आलेल्या पाहुण्यांना ‘मुंबई दाखवायची’ असते. हे काम बहुधा एखाद्या हौशी काकांकडे किंवा नुकत्याच कॉलेजात जाऊ लागलेल्या भाच्याकडे येते. त्याच्या हाती छापील पुस्तक नसते. पण यादी मात्र तोंडपाठ असते. गेटवे, म्युझियम, राणीची बाग, मलबार टेकडीवरचा म्हातारीचा बूट, चौपाटीवरची भेळ, हाजी अली, सिद्धिविनायक. आणि एखादा दिवस हाताशी उरलाच तर घारापुरीची लेणी. मधल्या काळात तिच्यात थोडी भर पडली. २००९ साली वांद्रे-वरळीचा सागरी पूल आला, २०२४ साली शिवडीहून पलीकडे जाणारा अटल सेतू आला. पण यादीचा स्वभाव काही पालटला नाही. ‘हे पाहा, ते पाहा, आणि चला’ हाच तो स्वभाव.

साहित्याच्या समीक्षकाने या यादीत नाक कशाला खुपसावे, असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की ही यादी म्हणजे एक वाङ्मयच आहे. ते तोंडी असले तरी त्याला परंपरा आहे, ठरीव विशेषणे आहेत, ठरीव विराम आहेत आणि ठरीव विस्मरणेही आहेत. शिवाय तिच्या मागे छापील पुस्तकांची मोठी रांग उभी आहे. मराठीत शहराचे वर्णन करण्याची प्रथा दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यातला उत्तम ग्रंथ अगदी आरंभीच लिहिला गेला, हे या प्रथेचे भाग्य म्हणावे की दुर्दैव, असा मला कधी कधी प्रश्न पडतो.

तो ग्रंथ म्हणजे गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’. साल १८६३. माडगांवकर मूळचे गोव्याकडचे. मुंबईत मिशनच्या शाळेत शिक्षक. ‘शुचिर्भूतपणा’, ‘उद्भिज्जन्य पदार्थ’ असल्या विषयांवर त्यांनी पुस्तके लिहिली होती. म्हणजे पिंड मास्तरांचा; कल्पनेच्या भराऱ्यांशी त्यांचे फारसे देणेघेणे नाही. असा गृहस्थ शहराचे वर्णन करायला बसला की काय होते? तो मोजतो, विचारतो, टिपून ठेवतो. बंदरे, बाजार, देवळे, मशिदी, अग्याऱ्या, शाळा, छापखाने, आगगाडी, गिरण्या, जत्रा, नाना जातींचे आणि नाना धंद्यांचे लोक, अशी सारी मुंबई त्यांनी एका पुस्तकात बसवली. वर्णनात चंद्रप्रकाश नाही, समुद्राच्या लाटांवर उपमांची पखरण नाही. तरीही पुस्तक मिटल्यावर शहर डोळ्यांपुढे उभे राहते. एखादी वस्तू कुठून येते, तिला किती खर्च लागला, ती कोण विकतो आणि कोण घेतो, हे कळले की ती वस्तू दिसू लागते. विशेषणांनी हे काम होत नाही.

या पुस्तकाचा मुहूर्तही विलक्षण होता. तेव्हा मुंबईचा फोर्ट खरोखरीचा किल्ला होता. त्याला तट होता आणि अपोलो गेट, चर्च गेट व बाजार गेट असे तीन दरवाजे होते. बार्टल फ्रियर १८६२ साली गव्हर्नर होऊन आले आणि त्यांच्या कारकिर्दीत हा तट जमीनदोस्त झाला. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली उतारूगाडी धावली होती. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले होते. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. जुनी मुंबई मावळत होती आणि नवी अजून पुरती उगवली नव्हती. त्या संधिकालात माडगांवकरांनी शहराचे चित्र काढले. १८६५ साली ते वारले आणि त्याच वर्षी कापसाची तेजी कोसळून कित्येक पेढ्या बुडाल्या. तेजीचा शेवट पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. म्हणून त्यांच्या पुस्तकातील मुंबई नेहमीच चढत्या पावलाची राहिली.

दोष दाखवायचे तर तेही आहेत. इंग्रजी राज्याविषयी त्यांना वाटणारा आदर इतका उघड आहे, की आजचा वाचक मधूनमधून अवघडतो. मास्तरांना उपदेशाचा मोह आवरत नाही. शहराची भरभराट पाहताना त्या भरभराटीचे ओझे कुणाच्या डोक्यावर आहे, हा प्रश्न त्यांना आपण विचारतो तसा पडत नाही. पण हे दोष मान्य करूनही एक गोष्ट उरते. जे पाहिले ते त्यांनी लपवले नाही. त्यामुळे त्यांनी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेही त्यांच्याच पुस्तकात सापडतात. १९६१ साली न. र. फाटकांनी हे पुस्तक संपादून पुन्हा वाचकांपुढे आणले आणि २००८ साली त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. शंभर-दीडशे वर्षांनी एखादे ‘माहितीचे’ पुस्तक पुन्हा छापावेसे वाटते, ते काही केवळ माहितीसाठी नव्हे. माहिती शिळी होते. पाहण्याची रीत शिळी होत नाही.

१८८९ साली बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला. मधल्या सव्वीस वर्षांत शहराने कात टाकली होती. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने, राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला होता. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे व्हिक्टोरिया टर्मिनस नुकतेच पुरे झाले होते. आज आपल्या यादीत असलेल्या इमारती इथून पुढे पुस्तकांत येऊ लागतात. मात्र त्यांच्याबरोबर एक संकटही येते. शहरात पाहण्याजोग्या भव्य इमारती उभ्या राहिल्या, की वर्णनकाराला माणसांकडे पाहण्याची गरज वाटेनाशी होते. पुढच्या काळातील मार्गदर्शक पुस्तिका पाहाव्यात. टॉवरची उंची असते, घुमटाचा व्यास असतो, शिल्पकाराचे नाव असते. पण दगड कुणी घडवला, त्या इमारतीत सकाळी नऊ वाजता कोण शिरते आणि रात्री तिच्या पायरीवर कोण झोपते, हे नसते. तिथे यादीचा जन्म झाला.

या यादीला पहिले खणखणीत उत्तर ग्रंथकारांनी दिले नाही; ते लावणीने दिले. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली. तिच्यात शहराचा दिमाख आहे, गावाकडच्या माणसाचे दिपलेले डोळे आहेत. पुढे अण्णाभाऊ साठ्यांनी ‘मुंबईची लावणी’ लिहिली आणि तेच शहर उलट्या बाजूने दाखवले. मलबार हिलवरची श्रीमंती आणि परळकडचे कष्टकरी त्यांनी एकाच फडात समोरासमोर उभे केले. गंमत अशी, की बापूरावांचे रेठरे हरणाक्ष आणि अण्णाभाऊंचे वाटेगाव ही दोन्ही गावे एकाच वाळवे तालुक्यातली. एकाच मातीतून आलेल्या दोघांना दोन मुंबया दिसल्या. अण्णाभाऊ लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आले होते आणि पुढे गिरणीत राबले होते. जो चालत येतो त्याला शहर निराळे दिसते, एवढे यावरून खास म्हणता येईल.

मात्र बापूरावांचे दिपलेले डोळे खोटे आणि अण्णाभाऊंचे धगधगते डोळेच खरे, असा निवाडा करणे मला मंजूर नाही. पाहुणा शहरात येतो तो दिपायला येतो. त्याचा तो हक्क आहे. मरीन ड्राइव्हवर दिवे लागताना खेड्यातल्या पोराच्या तोंडून जो ‘अबब!’ निघतो, तो हिरावून घेऊन त्याच्या हाती सामाजिक विषमतेचे परिपत्रक देणे हा अरसिकपणा आहे. फक्त त्या ‘अबब’नंतर दुसरे वाक्य यावे, एवढीच अपेक्षा. थोर स्थलवर्णनात ही दोन्ही वाक्ये असतात.

दुसरे वाक्य मराठी ललित लेखकांनी पुढे फार समर्थपणे उच्चारले. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. कुठल्याही यादीत नसलेली एक इमारत तिने महाराष्ट्राला दाखवली, आणि ती इतकी नीट दाखवली, की आज चाळी पाडून मनोरे उठत असताना पुष्कळांना आपली गेलेली चाळ या काल्पनिक चाळीतच भेटते. जयवंत दळवींच्या ‘चक्र’ने १९६३ साली झोपडपट्टीचे दार उघडले. १९६६ साली नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने सांगितले, की राजाबाई टॉवरच्या सावलीतल्या विद्यापीठाखेरीज या शहरात आणखी एक विद्यापीठ आहे आणि ते रस्त्यावर भरते. ही पुस्तके प्रेक्षणीय स्थळांची नाहीत. पण मुंबई पाहिली असे म्हणणाऱ्याने ती वाचली नसतील, तर त्याने निम्मीच मुंबई पाहिली.

अलीकडे एक तिसरा प्रकार बोकाळला आहे. त्याला ‘जुनी मुंबई’ म्हणतात. ट्रामच्या आठवणी, इराण्याच्या हॉटेलातला ब्रुन-मस्का, व्हिक्टोरिया गाड्या, घोड्यांच्या टापा. वाचताना बरे वाटते. पण चार पाने झाली की तक्रार सुरू होते. तेव्हा सारे सुंदर होते आणि आता सारे बिघडले! या लेखनाला स्मृती आहे, पण चौकसपणा नाही. ‘काळा घोडा’ या नावाचेच उदाहरण घ्या. तिथल्या ज्या पुतळ्यावरून ते नाव पडले, तो पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसलेल्या राजपुत्राचा. १९६५ साली तो तिथून हलवला आणि भायखळ्याच्या बागेत नेला. राजा गेला, घोडा गेला, तरी लोकांच्या तोंडी नाव टिकले ते घोड्याचेच. २०१७ साली तिथे नवा काळा घोडा उभा राहिला, तोही स्वाराविना! राजा विसरून घोडा ध्यानात ठेवणाऱ्या लोकांच्या विनोदबुद्धीचा हा इतिहास आहे. ‘जुनी मुंबई’वाले तिथे नुसता उसासा टाकतात.

शहराबाहेर पडले की वर्णनकारांची खरी कसोटी लागते. घारापुरीचेच पाहा. लाँचमधून उतरावे, पायऱ्या चढाव्यात, ‘पोर्तुगीजांनी मूर्ती फोडल्या’ हे वाक्य ऐकावे आणि त्रिमूर्तीसमोर फोटो काढून परतावे, असा नेम आहे. वाक्य खोटे नाही. पण त्या एका वाक्याने पाहणाऱ्याचे डोळे मिटतात. काय मोडले यापेक्षा काय उरले आहे, हे कुणी सांगत नाही. सहाव्या शतकाच्या सुमाराची ती सुमारे अठरा फुटी महेशमूर्ती. मधले मुख शांत, एका बाजूचे उग्र, दुसऱ्या बाजूचे कोमल. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे काळोखाला सरावेपर्यंत तिथे उभे राहावे लागते. ही दोन-चार मिनिटे हा त्या शिल्पाचाच भाग आहे. सहलीच्या वेळापत्रकात नेमकी तीच नसतात.

आणि ज्या दगडी हत्तीवरून परक्यांनी या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तो हत्ती आज बेटावर नाहीच. १८६४ साली तो विलायतेला नेण्याच्या खटपटीत मोडला; १९१४ साली त्याचे तुकडे जोडून त्याला राणीच्या बागेत उभे केले. तो आज तिथे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे मुंबई पाहणारे मूल एका दिवशी बेट पाहते, दुसऱ्या दिवशी हत्ती पाहते, आणि या दोहोंचे नाते त्याला कुणी सांगितलेले नसते. यादीचे व्यंग याहून स्पष्ट कशाने दाखवावे? तिच्यात स्थळे आहेत. स्थळांमधला धागा नाही.

कान्हेरीला तर यादीत बहुधा जागाच नसते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सिंह-वाघ पाहून मंडळी माघारी फिरतात. वर डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारापासून सुमारे हजार वर्षे तिथे बौद्ध भिक्षूंचा राबता होता. दान देणाऱ्यांची नावे भिंतीवर कोरलेली आहेत. त्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे लोक आहेत; कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिल्याचीही नोंद आहे. लेण्यालेण्याला टाके, कातळात कोरलेले पन्हळ, पावसाचा थेंब वाया जाऊ नये अशी तजवीज. आता लक्षात घ्या, की विहार आणि तुळशी हे तलाव याच डोंगररांगेच्या कुशीत आहेत. ज्या डोंगराने भिक्षूंना पाणी दिले, त्याच डोंगराने १८६० साली तहानलेल्या शहराला पाणी दिले. कान्हेरीचे टाके आणि आपल्या मोरीतला नळ यांचे गोत्र एक आहे. हे कळलेला पाहुणा कान्हेरीहून परततो तो पुरातत्त्व पाहून नव्हे, मुंबई पाहून.

कान्हेरीत आणखी एक नवल आहे. एका लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. ते इ. स. १००९ आणि १०२१ सालचे. लिहिणारे पारशी होते. ते भिक्षू नव्हते, दातेही नव्हते. ते लेणी पाहायला आले आणि आल्याची तारीख व आपली नावे भिंतीवर ठेवून गेले! भिंतीवर नाव लिहिणे वाईटच आणि आज कुणी तसे करू नये. पण मुंबईच्या परिसरात सहलीला येणाऱ्यांची ही हजार वर्षांपूर्वीची हजेरी वाचली, की आपला सुटीतला जथा एका फार जुन्या रांगेत उभा आहे, हे ध्यानात येते.

वसईचेही तेच. चिमाजी अप्पांनी १७३९ साली किल्ला घेतला, एवढे शाळेत शिकवलेले असते. पण तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून देशावर गेल्या आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्यांतलीच एक टांगलेली आहे, हे वसईत कळले तर नाशिकचा पाहुणा आपल्याच गावाकडे नव्या डोळ्यांनी पाहील. चांगले स्थलवर्णन पाहुण्याला परत जाताना स्वतःचे गावही देते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. यादी अपुरी राहिली तर बिघडले काय? बिघडते ते असे. शहर काय जपायचे हे पुष्कळदा यादीवरून ठरते. घारापुरी १९८७ साली जागतिक वारशात गेली, बोरीबंदरचे स्थानक २००४ साली, आणि ओव्हल मैदानाच्या दोन अंगांच्या इमारती २०१८ साली. आनंदाची गोष्ट आहे. पण याच काळात गिरणगावाचे काय झाले? १९८२ सालच्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. त्या जमिनींवर आज मॉल आणि मनोरे आहेत. शंभर वर्षे या शहराचे पोट ज्या भोंग्याच्या आवाजावर चालले, तो भोंगा कुठल्याही मुंबई-दर्शनाच्या गाडीने कधी पाहुण्यांना ऐकवला नव्हता. जे दाखवले नाही त्याच्या जाण्याचा गलबला फार दूर गेला नाही. गिरणी ही ‘पाहण्याची’ वस्तू आहे, असे आपल्या वर्णनकारांनी वेळीच म्हटले असते, तर सगळ्या चिमण्या वाचल्या असत्या असे नाही. पण त्या मुकाट्याने तरी पडल्या नसत्या. माडगांवकरांनी १८६३ सालीच गिरण्या पाहण्याजोग्या मानल्या होत्या. पुढच्या यादीकारांची नजर तेवढीही उरली नाही.

तेव्हा मुंबईच्या वर्णनाला लावायची कसोटी मला तीन प्रश्नांची दिसते. वस्तू दिसते का? ती कुणी केली आणि कुणासाठी, हे कळते का? आणि ती होती तेव्हा तिच्या जागी आधी काय होते, याचा सुगावा लागतो का? माडगांवकर पहिल्या प्रश्नात पूर्ण उतरतात, दुसऱ्यात निम्मे आणि तिसऱ्यात बरेचसे. ललित लेखक दुसऱ्यात पैकीच्या पैकी मिळवतात, पण त्यांच्या पुस्तकाचा नकाशा हाती घेऊन पाहुण्याला फिरवता येत नाही. तिन्ही प्रश्नांना पुरे पडेल असे, सगळ्या घराने मिळून वाचावे असे मुंबईचे नवे वर्णन मराठीत व्हायला हवे. ते विद्वानांसाठी नको. सुटीत आलेल्या मामेभावंडांसाठी हवे.

ते होईपर्यंत हौशी काकांनी एवढे करावे. यंदा पाहुण्यांना चर्चगेटला उतरवावे आणि विचारावे, ‘यातले गेट कुठे आहे?’ गेट नाही. पण ज्या चर्चवरून ते नाव पडले, ते सेंट थॉमसचे चर्च चालत गेल्यास सापडते. फोर्टमध्ये फिरून विचारावे, ‘किल्ला कुठे आहे?’ सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारात त्याचा थोडासा अवशेष अजून उभा आहे. बोरीबंदरसमोर उभे राहून सांगावे, की ज्या मुंबादेवीवरून शहराला नाव मिळाले तिचे मूळ देऊळ याच परिसरात होते, आणि ते हलले तेव्हा देवी भुलेश्वराच्या बाजूला गेली. गेटवेखाली सांगावे, की १९११ साली आलेल्या इंग्रज राजाच्या स्वागताची आठवण म्हणून बांधलेली ही कमान पुरी झाली १९२४ साली, आणि १९४८ सालच्या २८ फेब्रुवारीला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून आपल्या देशी परत गेली. एवढ्या चार गोष्टींना तिकीट लागत नाही. पोरे ऐकतात, आणि पुढच्या वळणावर ती स्वतःच विचारू लागतात, ‘इथे आधी काय होते?’ हा प्रश्न पोरांच्या तोंडी आला, की काकांचे काम झाले. मग भेळ खायला हरकत नाही.